वरच्या खोलीचा लोड

रविवार, ९ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशीलच. फोनवर "मी बरा, तू?" याच्या पुढे तुझी गाडी जात नाही, म्हणून आज पत्र. शिवाय फोन करायचा तर बाबा शेजारच्या खोलीत, आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत.

बातमी अशी की थोरला गेला. घाबरू नकोस, आपल्या जनरेटरबद्दल म्हणते आहे. घरातलं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात हट्टी लेकरू म्हणून बाबांनी त्याला थोरला केलं, आणि एकुलता एक मुलगा असून तू धाकटा झालास. त्या रागात तू त्याच्या टाकीवर रंगाने मिशा काढल्या होत्यास. भंगारवाला यायच्या आधी मी त्या पुसून पाहिल्या, निघाल्या नाहीत. मिशांसकट गेला बिचारा.

दर रविवारी त्याची केवढी सेवा चालायची, आठवतं? वीज असली तरी त्याला थोडा वेळ चालवायचाच, नाहीतर टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन आत चिकटा धरतो. मी तेलाची पट्टी पुसून द्यायची, तू प्लग घासायचास. दोरी ओढायचा मान तुझा आणि ओढून मागे आपटायचा मानही तुझाच. एकदा यंत्र गरम असताना तू पेट्रोल ओतायला गेलास, तर बाबांनी तुझा हात असा खेचला की तू रडलास. मग संध्याकाळभर तोच हात चोळत बसले होते. वीज गेली की अंगणातून त्यांची हाक यायची, "आधी पंप, मग फ्रिज, मग दिवे!" मोटर सुरू होताना फार वीज ओढते, सगळं एकदम लावलं की थोरला मान टाकायचा. आपण दोघं बटणांपाशी श्वास रोखून उभे. पेट्रोलच्या वासाने मला अजून भूक लागते, कारण रविवारी त्या सेवेनंतरच न्याहारी मिळायची.

आता कामाचं. तू मोठमोठ्या इमारतींच्या विजेचा हिशेब करतोस, म्हणून नव्या जनरेटरसाठी तुझा सल्ला मागायला बसले होते. पण खोटं कशाला बोलू, जनरेटर घेऊन झालाय.

मेकॅनिक म्हणाला, वीज गेल्यावर काय काय चालायलाच हवं ते सांगा, त्यावर माप ठरवू. मी म्हटलं, पंप, फ्रिज, खालचे दिवे-पंखे आणि बाबांच्या खोलीतलं यंत्र.

कसलं यंत्र, असं तू विचारशील. तुला कळवायचं नाही असं बाबांनी बजावलंय, म्हणून मी जनरेटरबद्दलच लिहिते आहे. तर ते हवेतला प्राणवायू वेगळा करून नळीने नाकात सोडणारं यंत्र आहे. वीज फार खात नाही, पण बंद पडून चालत नाही. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून थोरल्याचे रविवार चुकत गेले. मागच्या महिन्यात वीज गेली, मी दोरी ओढत राहिले, तो उठला नाही. शेजाऱ्यांच्या जनरेटरवरून वायर आणेपर्यंत बाबांचे ओठ निळे पडायला लागले होते. मी फार घाबरले, रे. डॉक्टर किती दिवस ते सांगत नाहीत. फार नाहीत, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

मेकॅनिकने लहान माप सांगितलं. बाबा नळी बाजूला करून म्हणाले, "वरची खोली धर."

"वर कोण राहतं आता, काका? उगीच मोठा कशाला?" मेकॅनिकने विचारलं.

"एसी धर," बाबा म्हणाले.

एसीचं तुला माहीत नाही. तू घर सोडून गेलास त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तो बसवला. गच्चीखालची खोली तापते, तू आलास की झोप लागायची नाही, म्हणून. थोरल्याला तो झेपला नसता, आणि तसाही कुणी कधी लावला नाही. जाळी मात्र मला अजून नेमाने धुवायला लावतात.

बाबांचं दुकान चालवायचं सोडून तू बॅग भरलीस, तेव्हा ते म्हणाले होते, "जा, थोरल्यावरचा भार तेवढाच कमी." ते तुझ्या जिव्हारी लागलं. लागणारच. राहा म्हणायचं होतं, ते त्यांना जमलं नाही. पण तुझा भार त्यांनी एक दिवसही कमी धरलेला नाही.

तेव्हा मोठाच घेतला. डिझेलचा आहे, बटणाने सुरू होतो, म्हणून बाबा त्याला आळशी म्हणतात. धूर घरात येऊ नये म्हणून खिडक्यांपासून लांब, मागच्या भिंतीशी बसवलाय.

मेकॅनिक जाताना एक गोष्ट बजावून गेला. मोठं यंत्र थोड्याशा लोडवर चालवत राहिलं की आत काजळी धरते आणि ते बिघडतं. त्याला पुरेसा लोड द्यावाच लागतो. आमच्या खालच्या दिव्यांनी तेवढा होत नाही. तू ये आणि वरचा एसी लाव. उशीर करू नकोस.

बटणांपाशी उभी,
तुझी ताई