बिब्बा फोडणारे हात

सुपा, सोम. ११ जाने. १९०९
बिब्ब्याच्या चिकाची शाई आज सातांपैकी पाच कापडांवर पक्की धरली. चुन्याच्या निवळीत बुडवले, परटाच्या भट्टीत घातले, तरी अक्षर काळेभोर. उरलेल्या दोन्हींवर फिकट डाग. कारण सापडले: बिब्बे फोडणाऱ्या कुणबी बायका हातांना खोबरेल चोपडतात, ते चिकात उतरते. तशी नोंद केली. मालक अप्पासाहेब खूष. "विलायती शाईला गाशा गुंडाळायला लावू, मास्तर! उद्यापासून तेल बंद."

मंगळ. १२
बायका प्रयोगशाळेच्या पायरीवरच अडल्या. जानकी पुढे. "मास्तर, तेल न्हाई तर बिब्बा उततो. फोड येतात."
"अडाणी समजूत," हे मी म्हणालो. अप्पा नव्हे, मी. मनगटावर चिकाचा थेंब लावून दाखवला. संध्याकाळी सगळ्यांपुढे हात धरला, काही नाही. जानकीची सासू म्हणाली, "नवा जावई हाय तो, मास्तर. आल्या दिशी त्रास देत न्हाई." सगळ्या हसल्या. पण कोरड्या हातांनी कामाला बसल्या. माझ्या हाताकडे पाहून बसल्या.

गुरु. १४
पहाटेपासून मनगट पेटले आहे. थेंबाच्या जागी फोड, सूज कोपरापर्यंत.
जानकी कामावर नाही. तिच्या घरी गेलो. दोन्ही डोळे सुजून मिटलेले, गालावर पाणी भरलेले फोड. घाम पुसताना हात लागला असणार. सासू वाटलेले खोबरे लावत होती. मला बस म्हणाली नाही. जानकीने आवाज ओळखला. "मास्तर, तुमचा हात?"
"उतला."
"व्हय? मग बरं. आता तुमास्नी कळलं."
राग नव्हता बोलण्यात. तो असता तर सोपे गेले असते.

शुक्र. १५
अप्पांना सगळे सांगितले. "उष्ण प्रकृती असेल बाईची. दुसऱ्यांना कुठे काय झाले?" दुसऱ्या दोघींच्या बोटांना फोड आहेत, त्यांनी पदराखाली झाकले होते, मी बघितले. काम जाईल म्हणून झाकले!
बेळगावच्या भागीदारांना लिहायचा मजकूर पुढे केला: 'मजुराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' खाली माझी सही हवी. "स्वदेशीच्या कामाला गालबोट नको, मास्तर."
कसली स्वदेशी? त्या देशात जानकी येत नाही काय? आणि हे गृहस्थ स्वतः चिकाच्या बाटलीला रुमाल गुंडाळल्याखेरीज हात लावीत नाहीत! आठ महिने रोज पाहतो आहे. रुमाल पाहिला, कधी विचारले नाही.
सही केली नाही.

शनि. १६
अप्पा म्हणतात, मग खरे लिहा, तेल बंद करायला नोंद कुणाची? माझीच. दिवसभर दोन वाक्यांवर अडलो. 'हुकूम मी बायकांना सांगितला' एवढेच लिहावे, तर अप्पा सुटतात आणि उद्या दुसरा बी. ए. आणून हेच करतील. 'मालकांच्या सांगण्यावरून' जोडावे, तर मी त्यांच्या आड लपतो. थेंब लावून दाखवायला त्यांनी सांगितले नव्हते. शेवटी दोन्ही लिहिले. थेंबाचेही. पानभर झाले. नोकरी जाईल. जाऊ दे.

रवि. १७
कागद घेऊन जानकीकडे. म्हटले, तिच्याबद्दल लिहिले आहे, आधी तिने ऐकावे. एक डोळा किलकिला उघडला आहे. दुसऱ्याला उजेड सोसत नाही. पूर्ण वाचून दाखवले. माझा दोष, अप्पांचा दोष. मला वाटले, रडेल.
"झालं?"
"झालं."
"उद्या त्या बोटं उतलेल्या दोघी कामाला येणार. तेल लावायचं का न्हाई, ते कुठं हाय त्यात?"
सासू चुलीपासून म्हणाली, "पानभर लिवलंय, समदं सोताबद्दलच!"
पानभर. आणि तेलाचा शब्द नाही.
घरी येऊन फाडला. नव्यावर पहिलीच ओळ घातली: बिब्बा फोडणाऱ्याचे हात खोबरेल लावलेले असावेत, आणि शाई बिघडली तर शाई सुधारावी. बाकी मजकूर खाली. उद्या सकाळी बायका यायच्या आधी अप्पांच्या हातात देणार. घेतील का?