चूळ भर, मग जेव

बाबा, आज मी तो शब्द बोलली. तोच, जो तुम्ही आपल्या रांझीच्या फॅक्टरी-क्वार्टरमध्ये कधी येऊ दिला नाही. आठ-नऊ वर्षांची असेन मी. नळावर बायांचं भांडण झालं, एकीनं जातीवरून आईला तो शब्द हाणला, अन् मी घरी येऊन हातवारे करत तिची नक्कल करून राहिली. तुम्ही फॅक्टरीतून आलेले, नुकतेच जेवायला बसलेले. ताटावरून उठले. मला वाटलं, आता पडते कानाखाली. तुम्ही मला मोरीवर नेलं, हातात लोटा दिला. "चूळ भर, मग जेव. त्यांचा शब्द त्यांच्या तोंडात राहू दे." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

आता तुमच्यामागचं सांगते. सदर भागातल्या मुलींच्या एका होस्टेलात मी स्वयंपाकाला होती. पोरी माझ्या हातची भाजी वाटी पुसून खायच्या. यंदा दसऱ्याला सुट्टी घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. परत आली तर मालक विचारतो, "दशहरे में नागपुर? किसके यहाँ?" मी सांगून दिलं. त्यात लपवायचं काय? दुसऱ्या दिवशी माझ्या गॅससमोर दुसरीच बाई उभी. मालक मला म्हणे, मागं जाऊन भांडी घास. मी म्हटलं, "क्यों? कल तक तो मेरे ही हाथ का खा रहे थे!" तेव्हा भरल्या जेवणघरात तो मला तोच शब्द बोलला. पोरींच्या माना ताटात. एकीनंही वर पाहिलं नाही. मी हातातली कढई आपटली अन् निघून आली.

कोर्टात आपल्यासारख्याला फुकट वकील मिळते. मला मिळाली ती माझ्या पोरीएवढी. सगळं ऐकलं अन् म्हणाली, "आंटी, उसने ठीक-ठीक क्या कहा?"

"गाली दी. जात की."

"कौन-सी?"

"अब समझ जाओ ना! वकील हो कि नहीं?"

ती चिडली नाही. पेन खाली ठेवला. "मैं तो समझ गई, आंटी. पर वो कहेगा, मैंने बस बर्तन माँजने को कहा था. फिर?"

माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. भाजीवाला, कंडक्टर, जावई, कोणाला सोडत नाही मी. अन् तिथं पदराचं टोक पिळत बसली. म्हटलं, रहने दो, नाही करायची तक्रार. उठलीसुद्धा. दारापर्यंत गेली तर ती दुसरी बाई डोळ्यासमोर आली, माझ्या कढईत माझाच झारा फिरवताना. परत फिरली अन् उभ्या उभ्याच बोलून टाकलं, मालकाचं सगळं वाक्य.

बोलली याची लाज आहेच, बाबा. पण जास्त लाज याची, की शब्द कुठं अडकलाच नाही. त्याच्याच आवाजात निघाला, तोच हेल, तशीच झटकलेली बोटं. ती वकील पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. महिनाभर घोकूनच राहिली होती ना मी तो. पोळ्या लाटताना, बसमध्ये, अंथरुणावर पडल्या पडल्या. तुम्ही जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवलेला, तो मी पोटात घेऊन फिरत होती.

कोर्टाच्या आवारात खाली नळ होता. तिथं थांबली, पण चूळ भरली नाही. पोरगी म्हणाली आहे, जजसाहेबासमोर परत बोलावं लागेल, न अडखळता. बोलीन. आता मागं नाही हटत.

हे पत्र जाणार कुठं? कोणी वाचणार नाही, तरी तो शब्द यात लिहिता आला नाही. घरी येऊन मोरीवर चूळ भरली, चांगली खळखळून. अन् मग जेवली, पण तुमच्या फोटोकडे पाठ करून.