शपथ न घेतलेली साक्ष

बाबा, गेल्या रविवारी मी गावी गेले होते. धाकट्या काकांनी एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून तुम्हाला काही विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी विचारते.

तुझे वडील नेमके कोण होते, असं लोक मला अजून विचारतात. शेतकरी, असं मी सांगते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला भाताची तीन खाचरं, उतारावर नाचणी, आणि उरलेल्या वेळात गावाची कौलं, पंप, कुलपं, शिलाई मशिनं दुरुस्त करणं. पण तरुणपणी तुम्ही सहा वर्षं नर्मदेकाठच्या एका शेतावर कामाला होतात आणि ते शेत क्वेकर लोकांचं होतं, हे सांगायला लागलं की गोष्ट लांबते. ख्रिस्ती माणसं, पण त्यांच्यात ना पाद्री ना घंटा. रविवारी एकत्र जमायचं, गप्प बसायचं, आतून काही उमटलं तरच बोलायचं. कुणावर हात उगारायचा नाही, शपथ घ्यायची नाही. पान्ह्यांची पेटी आणि ही रीत घेऊन तुम्ही परत आलात. नाव बदललं नाही, आईचे देव हलवले नाहीत. फक्त रविवारी सकाळी पडवीत तासभर बसायचात. गाव तुम्हाला ‘रविवारचा मुका’ म्हणायचं. मी एकदा विचारलं होतं, “बाबा, तुम्ही ऐकता तरी काय?” तुम्ही म्हणालात, “आधी पंपच ऐकू येतो गो, कुणाचा बिघडलेला असेल त्यो. मग त्यो पण थांबतो.”

तुमच्या साक्षीच्या त्या दिवशी मी बारा वर्षांची आहे. मला चष्मा करायचा म्हणून तुमच्याबरोबर एस.टी.ने महाडला आले आहे, आणि आधी तुमचं कोर्टातलं काम आहे. काकांचा शेजाऱ्याशी बांधावरून दावा चालू आहे आणि तुम्ही काकांचे साक्षीदार. पट्टेवाला शपथ सांगू लागतो, तर तुम्ही मान हलवता. “शपथ घेणार नाय, साहेब. शपथेवर खरं बोलायचं म्हंजे एरवी खोटं बोलायला मोकळा, असं होतं.” मागे कुणीतरी हसतं. न्यायाधीश हसत नाहीत. “मग प्रतिज्ञेवर सांगा,” ते म्हणतात, “कायद्यात तशी सोय आहे.” तुम्ही प्रतिज्ञा करता. वकील विचारतात, बांध पूर्वीपासून तिथंच आहे ना? तुम्ही काकांकडे बघता आणि म्हणता, “नाय. पावसात फुटला तेव्हा आमी दोघा भावांनी परत घातला. तो दीड हात पलीकडं घातला. दगड मी रचले. चूक माझी पण हाय.”

चष्मा राहिलाच. परतीच्या गाडीत काका पुढे बसले, आपण मागे.

ती दीड हात जमिनीची पट्टी काकांच्या हातून गेली. गणपतीला दोन घरांत दोन चुली पेटल्या. काकांची मुलगी माझ्या शेजारच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसायला लागली. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “खरं सांगायचं तर सांगा, पण भावाला आधी बोलायचं तरी. भर कोर्टात गळा कापलात त्याचा.” तुम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कुणाच्या तरी पंपासाठी वायसर कापत होतात. म्हणालात, “भाकरी करपतेय.” एवढंच. पुढे एका उन्हाळ्यात काकांचा पंप बंद पडला, तर न बोलावता गेलात. काका पाठ करून बसले होते. पंप चालू करून तुम्ही चहा न घेता घरी आलात.

आता काका ऐंशीच्या पुढे आहेत. रविवारी मी सहज म्हणाले, बाबांनी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

“सांगितलं होतं,” ते म्हणाले. “आठ दिवस आधी, खाचरात उभा राहून. म्हणाला, मला साक्षीला बोलवू नको. बोलावलंस तर दगड कुठं ठेवले ते सांगणार.”

“मग बोलावलंत का?”

“वाटलं, तिथं उभा राहिला की भाऊ आठवेल त्याला.”

“आणि एवढी वर्षं कुणाला बोलला नाहीत?”

“दादा बोलला नाय. मग मी कशाला बोलू?”

बाबा, हेच मला कळत नाही. खरं बोलण्यासाठी भाऊ गमावलात, मग हे एक खरं का दाबून ठेवलंत? काकांची लाज राखायला? की स्वतःची बाजू मांडणं तुम्हाला कमीपणाचं वाटायचं? आई तुमच्या आधी गेली, ती तुम्ही भावाला फसवलं असं समजूनच. गप्प राहून एखाद्याचा गैरसमज तसाच ठेवणं, हे तुमच्या त्या लोकांत कशात मोडतं? मी खरंच विचारते आहे, भांडत नाही.

तुमच्या शेवटच्या दीड महिन्यात मी उशाशी होते, तेव्हाही विचारता आलं असतं. बाबा बोलणारे नव्हतेच, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून इथे लिहिते: विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. मग तुमच्यावर रागावून राहायला माझ्याकडे काही उरलं नसतं.