हातगुण

४ नोव्हेंबर १९७३, रविवार

आलो बुवा एकदाचा कोल्हापुरात! ट्रंकेत कपडे कमी आणि पत्र्याचे तुकडे जास्त, त्यामुळं कुर्डुवाडीपासून प्रत्येक हमाल माझ्यावर खार खाऊन होता. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि खोली कसबा बावड्यात चन्नवीरअण्णांकडे. अण्णा म्हणजे कोल्हापूर-मिरज छोट्या गाडीचे जुने ड्रायव्हर, आता रिटायर. दारात पाय ठेवला तर 'या पावणं' असे ओरडले, की गोठ्यातली म्हैस दचकली.

आणि माडीवर काय असावं? अख्खी छोटी लाइन! टेबलाला टेबल जोडून कोल्हापूर ते मिरज रूळ, रुकडीचा पूल, हातकणंगल्याचं स्टेशन, सिग्नल, पाण्याची टाकी. दोन वर्षांपूर्वी खरे छोटे रूळ उखडून मोठे टाकले, तेव्हापासून अण्णा हेच करत बसलेत. मी तर बघून नाचायचाच बाकी होतो. इंजिनं आणि वाघिणी करण्याचं वेड मला शाळेपासून. त्यापायीच माझी बायको शांता दिवाळीला माहेरी जाताना ठणकावून गेली, की घरात एक तर ती राहील नाहीतर हे टिनपाट. आणि तिच्यासाठी म्हणून घर शोधलं तर ते असं सापडलं! अण्णांना भाडंही नको. त्यांचा हात थरथरतो, म्हणून डबे रंगवायला मी हात द्यायचा, एवढंच.

११ नोव्हेंबर

आज सुट्टीचा सगळा दिवस माडीवर. अण्णांचं काम फर्मास आहे, उगीच कशाला नावं ठेवा. डालड्याचे डबे कापून गाडीचे डबे, घड्याळाची स्प्रिंग काढून इंजिनाला चावी, छपरं पातळ लाकडाची आणि ती चिकटवायला सरस. तांबड्या रंगाचा पहिला हात मी दिला, खिडक्यांच्या कडा काळ्या केल्या. रंगांना पाणी जास्त झालं की ते ओघळतात, म्हणून जपून.

डब्यातली माणसं भेंडाची, बाशिंगं करतात त्या भेंडाची. पण कोरीच, रंगाशिवाय. रंगवलेले पुतळे फक्त तीन, कोल्हापूरच्या फलाटावर हार घेऊन उभे. अण्णांच्या बायकोनं, मल्लव्वाअक्कांनी, भाकरी वाढताना बजावलं, की गाड्या खुशाल रंगवा, माणसं रंगवू नका. मला असल्या गोष्टींची तिडीक येते. माणसांशिवाय गाडी म्हणजे मिठाशिवाय आमटी. अण्णा मात्र गालात हसत होते.

१८ नोव्हेंबर

प्रयोगशाळेतला आमचा साहेब गणपतराव, त्याच्या जिभेला हाड नाही. काल चारचौघांत म्हणाला, की माझ्या हाताला रंग लागलेला असतो, मी केमिस्ट आहे का सर्कशीचा पेंटर. सगळे फिदीफिदी हसले. डोकं असं फिरलं माझं!

आज त्याचाच पुतळा केला. बोटाएवढं भेंड, त्यावर टक्कल, चष्मा, ढेरी, हुबेहूब. ओठ मुद्दाम काढले नाहीत. घे लेका, बोल आता. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बसवला तेव्हा अण्णा टाळी देऊन हसले.

२० नोव्हेंबर

गणपतरावांना झटका आला. तोंड वाकडं झालंय, शब्द फुटत नाही. बघायला गेलो होतो. माझ्याकडं बघून नुसतं घशातून काहीतरी काढत होते, आणि त्यांची बायको पदरानं लाळ पुसत होती.

बोलाफुलाला गाठ पडते कधीकधी. दुसरं काय असणार?

२१ नोव्हेंबर

अण्णांना सांगितलं, तर त्यांना आनंद झाला! माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला, आणि म्हणाले, हाताला गुण हाय तुमच्या. घरच्या हाताला तो येत नाही, गल्लीतलं कुणी माडीवर चढत नाही, तो पावण्याच्या हातालाच येतो म्हणे. डब्यात बसवलं की माणूस प्रवासाला निघतो आणि जसा रंगवावा तसा होतो. मग मला म्हणाले, शेवटची छोटी गाडी त्यांनी आणली तेव्हा कोल्हापूरच्या फलाटावर हार घालायला एक काळं कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. हे सांगताना ते हसत होते. मला नाही आवडलं ते हसणं.

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण मी गणपतरावाला ओठ काढायला गेलो. छप्पर सरसानं घट्ट बसलेलं, आणि खिडकीतून ब्रश तोंडापर्यंत पोचेचना.

२४ नोव्हेंबर

शांताचं पत्र. येत नाही म्हणते. आधी कुर्डुवाडीला त्या इंजिनांनी जीव नकोसा केला, आता तिथं माडीभर आहेत म्हणे, तर संसार त्यांच्याशीच करा. भावानं तिच्यासाठी शाळेत नोकरी बघितलीय.

खरं सांगतो, रडलो. मला ती हवी आहे. घर तिच्याविना खायला उठतं.

मग विचार आला. आला तो आला.

२५ नोव्हेंबर

शांता केली. इतकं जीव ओतून मी आजवर काही केलेलं नाही. हिरवं लुगडं, चोळीला काठ, बांगड्या, हनुवटीवरचा तीळसुद्धा. कोल्हापूरकडं तोंड करून खिडकीशी बसवली. अण्णा घाई करत होते, गाडीची वेळ झाली म्हणून, तेव्हा छप्पर मीच सरस लावून बसवलं. चावी दिली. रुकडीचा पूल ओलांडून गाडी ऐटीत आली.

२८ नोव्हेंबर

तार! शांता येतेय, रविवारी दुपारच्या गाडीनं! मी पेढे वाटले. खोलीला चुना काढला, तिच्यासाठी आरसा आणला. अण्णा वेडे असोत नाहीतर शहाणे, माझी बायको येतेय.

२९ नोव्हेंबर

मल्लव्वाअक्कांनी विचारलं, एवढा पेढा कशाचा. मी फुशारकीनं सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली परात खाली पडली. एकच विचारलं त्यांनी, कुंकू लावलंत का तिला?

चेहऱ्याचा रंग ओला असताना तांबडा ठिपका दिला की फुटतो. म्हणून कुंकू शेवटी द्यायचं, चेहरा सुकल्यावर. मी ठेवलं होतं शेवटी. आणि छप्पर लावलं.

पांढरं कपाळ घेऊन माझी बायको माझ्याकडं येतेय. म्हणजे मी—

३० नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. डबा हातात घेऊन बसलोय. सरस दगडासारखा झालाय. पातं घालून छप्पर उचकटलं, तर भेंड चुरगळेल, म्हणजे तिची मान. वाफ दिली तर सरस सुटेल, पण रंगही वाहील. तीळ, डोळे, सगळा चेहरा वाहून जाईल.

तिला मोडू? का मी मरू?

एकदा पातं टेकवलं होतं. लाज वाटते लिहायला, पण टेकवलं होतं. मग बोटं वळेनात, आणि ठेवून दिलं.

अण्णांनी तोड सांगितली. बायको डब्यात आहे ना, मग नवऱ्याला फलाटावर उभा करा की. धडधाकट नवरा समोर उभा असला, तर तिला विधवा कोण म्हणेल? माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. साधी गोष्ट, मला कशी सुचली नाही!

१ डिसेंबर

माझ्या पुतळ्याचे आधी फलाटावर पाय चिकटवले, मग रंगवायला घेतलं. चपला, धोतर, सदरा. चेहरा छान उतरला. तोंड मिटलेलं ठेवलं, उगाच दात कशाला दाखवायचे. उजव्या हाताचा रंग संपला, तेवढा उद्या.

पायांना मुंग्या येतायत. बसून बसून असेल.

२ डिसेंबर, रविवार

पाय उचलत नाहीत. टाचणी टोचली. काही नाही.

तोंड उघडत नाही. ओरडलो, आवाज नाकातून आला—

मल्लव्वाअक्का जिन्यात येऊन रडल्या. पहिल्यांदाच माडीकडं आल्या. डब्यातला माणूस प्रवास करतो, फलाटावरचा थांबतो, म्हणाल्या. कोल्हापूरच्या पुढं रूळच न्हाईत. माझ्या आधीचे तीन पावणे तिथं हार घेऊन उभे आहेत. मी ते नुसते पुतळे समजत होतो—

अण्णांनी त्यांना खाली हाकललं. मग माझी खुर्ची टेबलापाशी सरकवली, वही पुढं ठेवली. लिहा म्हणाले, हात हाय तवर.

डावा हात गेला. मान गेली. उजवा आहे. अण्णांनी रंग कालवलाय, पण स्वतः लावत नाहीत. त्यांच्या हाताला गुण नाही. मग मी वाचतो? उजव्या हातानं खुर्ची ढकलत जिन्यापर्यंत—

टांगा थांबला.

अण्णा खाली ओरडले, या पावणं—

शांताचा आवाज. चढतेय. शांता येऊ नको, शांता ये—

आली. हिरवं लुगडं. मला मान वळवता येत नाही. बोलत नाही म्हणून फुगलोय असं वाटलं तिला. हसली. म्हणते, भांडायला आलेच नाही मी, तुमच्या इंजिनांशी सवत म्हणून नांदेन. कधी हात लावू दिला नाहीत, आज मीच शिकते—

कपाळ बघतोय. गाडीतल्या घामानं कुंकू पुसलं गेलंय—

अण्णा तिच्या हातात ब्रश देतायत. पुतळ्याचा एवढा हात राहिलाय म्हणतायत, पावण्यांनी लावावा—

मी वही तिच्याकडं सरकवतोय. वाच. शांता वाच. ती बघत नाही. ब्रश बुडवला. कसला आनंद झालाय तिला. जीभ बाहेर काढून, लहान मुलीसारखी, मनगटापासून सुरुवा

बोटं अजून—

शां