पिवळी की काळी

प्रिय अद्वैत,

धीरजच्या पत्त्यावरून माझ्या अक्षरातलं पाकीट आलेलं पाहून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, तो त्याच्या सवयीने. परवा नारिताहून विमान आहे आणि तोवर आम्ही इथे टोकियोत फुनाबोरीला माझ्या या भाच्याच्या घरी पाहुणचार झोडतो आहोत. तुझी आई धीरजच्या बायकोबरोबर निशी-कासाईला मेथी आणायला गेली, म्हणून लिहायला बसलो. ती घरात असती तर तिने खांद्यावरून डोकावून वाचलं असतं आणि म्हणाली असती, अहो, शोभतं का हे या वयात? शोभत नाही. पण आहे ते आहे.

काल यामागाता स्टेशनवर आमची बुलेट ट्रेन, ती शिनकानसेन, यायच्या आधी तू विचारलंस, बाबा, मग पिवळी की काळी? तुम्ही म्हणाल ती घेतो. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तुझ्या भुवया वर गेल्या. गाडीचं विचारलं आणि मी विचार करायला वेळ मागितला असं तुझ्या जन्मापासून झालेलं नाही. तुझ्या पहिल्या सायकलपासून मी जागच्या जागी निकाल दिलेला आहे. पण ही सायकल नव्हे. तुमची संस्था एकच स्नोमोबाईल घेणार, आणि पुढच्या हिवाळ्यापासून आठवड्यातून तीनदा तू तिच्यावर बसून झाओ डोंगरावरच्या त्या बर्फाने मढलेल्या झाडांमधून वर मोजमापाच्या मनोऱ्यापर्यंत जाणार. मी तो उतार पाहिला आहे. तिथे ढग उतरला की स्वतःचे हातमोजेसुद्धा दिसत नाहीत. तेव्हा गाडी बरोबरच निवडली गेली पाहिजे.

तुझा फोन आला होता ना डिसेंबरात, की दोन विक्रेते दोन गाड्या चालवून बघायला देणार आहेत, तुम्हीही या आणि सांगा, तेव्हा मी किती खूष झालो हे आईला विचार. स्कूटर कंपनीच्या टेस्टिंगमध्ये मी नोकरीची सगळी वर्षं काढली. भरवशाची कोणती, हाताला कोणती वळते, दम कुणात आहे, हे सांगण्याचाच मला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. शेजारचे प्रतापराव नवी गाडी घेताना इंटरनेटवर बघतात. तर मी बॅगेत जुने हातमोजे टाकले, स्वेटरांच्या आधी. फक्त तिथे आणखी एक परीक्षक बसलेला आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तुझ्या सासऱ्यांबद्दल बोलतोय. कुमागाई-सान माझे व्याही आहेत, माझ्याच वयाचे आहेत आणि त्यांच्याविरुद्ध माझी एकही तक्रार नाही, हीच मोठी तक्रार आहे. आपल्याकडे मुलाकडच्यांचा मान असतो. मी मुलाकडचा. पण स्टेशनात उतरल्यापासून तो गृहस्थ माझी बॅग उचलतो, माझ्या बुटांवरचा बर्फ झाडतो, दारात वाकून मला आधी आत जाऊ देतो, म्हणजे माझा सगळा मान मला देऊन टाकतो आणि मग रुसायला जागाच उरत नाही. तीस वर्षं हिवाळ्यात स्नोमोबाईलवरून डोंगरावरच्या झोपड्यांना सामान पोचवलेला माणूस. घरामागे मोठी शेड. आणि तू त्यांना ओतोसान म्हणतोस. सूनबाईने, मिसाकीने, मला समजावलं की इथे सगळेच जावई सासऱ्याला तसंच म्हणतात. मला समजलं. पण ओतोसान म्हणजे बाबा, हेही मला समजलं होतं. जेवताना तू एकदा ओतोसान म्हणालास आणि मी वर पाहिलं. तू मला हाक मारलेली नव्हती.

मला त्या माणसाचा मत्सर वाटतो, अद्वैत. लिहिलं एकदाचं.

गाड्यांकडे वळतो. काळी जपानी, फोर-स्ट्रोक, अंगाने आडवी, खालचा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, रुंद. कुमागाई-सान तिच्या बाजूने, पहिल्या दिवसापासून. पिवळी परदेशी, टू-स्ट्रोक, अंगाने हलकी, लांब ट्रॅक आणि त्यावर बोटभर उंचीचे दात. मी तिच्या सीटवर बसलो आणि मन बसलं. खरं सांगायचं तर काळी त्यांना आवडली नसती तर मी ती तरी जरा बारकाईने पाहिली असती. आईने दोन्ही गाड्यांच्या ट्रॅकखाली लिंबू ठेवलं, ते त्यांनी उचललं, बाहीला पुसलं आणि खाली पडलं समजून अदबीने तिला परत दिलं. तुझी आई त्यांच्यावर तिथेच भाळली. त्या दिवसापासून त्या घरात मला पक्षच उरला नाही.

मी निष्पक्षपणे चाचणी घेतली, याला तू साक्षी आहेस. बंद पडलेल्या त्या स्की-मैदानावर दोन्ही गाड्यांना तोच चढ, तेच वळण, तोच बर्फ. सरळ चढावर मागे सामानाची घसरगाडी लावली तर काळी रेड्यासारखी ओढते, हे मी मोकळेपणाने कबूल केलं. पण आडव्या उतारावर, मऊ बर्फात, ती वळता वळेना. हँडल एकीकडे, गाडी दुसरीकडे, आणि शेवटी पोटापर्यंत रुतली. आपण तिघांनी फावड्याने तिला उपसलं तेव्हा मी जरा जास्तच उत्साहाने उपसत होतो. त्याच जागी पिवळीवर उभं राहून नुसतं वजन टाकलं की वळते. तिचा बेल्ट आपल्या बिनगिअरच्या स्कूटरसारखाच, त्यामुळे ती कधी ताण घेते आणि कधी मोकळी होते हे मला कानाने कळत होतं. मी उतरलो, हेल्मेट काढलं आणि कुमागाई-सानांकडे पाहिलं. ते म्हणाले, नारुहोदो. असं आहे होय. मी कितीही गुण मिळवले तरी ते नारुहोदो म्हणतात. त्यांनी एकदा तरी वाद घालावा म्हणून मी तडफडत होतो.

नाही म्हणायला एकदा घातला. घट्ट, दाबलेल्या बर्फावर पिवळीचा तापमानाचा दिवा लागला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बोट केलं आणि घसा खाकरला. ही गाडी उडणाऱ्या बर्फावर थंड होते, कडक रस्त्यावर तिला बर्फ मिळत नाही, एवढंच होतं ते. मी तिला बाजूच्या भुसभुशीत बर्फात घातली, दिवा विझला. मी परत आलो आणि त्यांच्यासारखाच घसा खाकरला. मिसाकी हसली, तू हसलास, तेही हसले. मी नाही हसलो.

संध्याकाळी त्यांनी मला गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं. व्याह्यांसमोर अंगावर चिंधी नसताना बसायचं, ही कल्पना तू आधी द्यायला हवी होतीस. बाहेर बर्फ पडत होता आणि आम्ही दोन म्हातारे गळ्यापर्यंत पाण्यात. ते एक चकार शब्द बोलले नाहीत. मला भाषा येत नाही म्हणून नव्हे, ते तुझ्याशीही असेच गप्प असतात आणि तुला ते चालतं, हे मी पाहिलं आहे. शेडमध्ये तुम्ही दोघं तासभर एखादा स्प्रिंग बसवत असता, शब्द नाही. माझ्याशी फोनवर तू सारखा बोलतोस, तब्येत, हवा, क्रिकेट, कारण गप्प बसलास तर फोन कट झाला असं मला वाटतं. नुसतं शेजारी गप्प बसणं मला तुझ्याबरोबर पुण्याहून जमत नाही. त्यांना रोज जमतं. आणि नातीचं, नयनाचं तर काय सांगू. तिचं नाव आम्ही हौसेने ठेवलं, त्यांनी त्याचं नाना-चान केलं. आमच्या घराण्यात नाना म्हणजे मिशा असलेले थोरले काका. तिला विचारलं, मी कोण? तर ती म्हणाली, जीजी, म्हणजे तिचे तिथले आजोबा, ते नाही, तुम्ही फोनमधले आजोबा. तेही जपानीत, मिसाकीने सांगितलं म्हणून कळलं.

हे सगळं आजचं नाही. तुला वाटेल, बाबा म्हातारपणी हळवे झाले. भूकंप झाला तेव्हा तू सेंदाईत पीएच.डी. करत होतास. आमच्या टीव्हीवर दिवसभर तेच काळं पाणी. तुझा फोन लागेना, वकिलातीचा लागेना, तुझ्या प्रोफेसरांचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी गाडी बाहेर काढून फाटकाशी उभा राहायचो, कुठे जायचं ते न ठरवता. आणि मग चार दिवसांनी तुझा आवाज आला, तुझ्या मैत्रिणीच्या, तेव्हा आम्हाला अनोळखी असलेल्या मिसाकीच्या, वडिलांच्या घरून. ते आपल्या मुलीला न्यायला डोंगर ओलांडून ट्रक घेऊन आले होते, पेट्रोलचे कॅन भरून. ती म्हणाली, वर्गातला एक भारतीय मुलगा आहे, त्याच्या इमारतीला तडा गेलाय. ते म्हणाले, बसव त्याला. तुझं नावही त्यांना माहीत नव्हतं. तू फोनवर हे सांगत असताना मागून एक पुरुषी आवाज काहीतरी म्हणाला, आणि तू माझं वाक्य अर्धं सोडून त्याला म्हणालास, हाइ, हाइ, म्हणजे हो, हो. आई रडत होती, मीही रडलो, देवाला हात जोडले, त्या माणसालाही जोडले. आणि त्याच क्षणी मनात आलं की माझ्या मुलाला आणायला दुसरा कुणी गेला. कृतज्ञता पुरी वाटली, अद्वैत, तिच्यात काही कमी नव्हतं. पण तिच्या शेजारी हेही येऊन बसलं आणि सात वर्षं झाली, उठायला तयार नाही.

म्हणून शुक्रवारी सकाळी, शेवटच्या चाचणीला, काळी सुरू झाली नाही तेव्हा मला काय वाटलं ते तुला कळावं. रात्रभर कडाक्याची थंडी, बॅटरी गार, नुसतं टक् टक्. तिला ओढायची दोरीसुद्धा नाही. मी पिवळीची दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला ती गुरगुरायला लागली. मी तिच्यावर बसून अंगणात एक फेरीसुद्धा मारली, गरज नसताना. भरवशाचेही गुण पिवळीलाच. कुमागाई-सान नारुहोदोही म्हणाले नाहीत. शेडमध्ये गेले, स्वतःच्या जुन्या काळ्या गाडीची बॅटरी काढून आणली, गुडघे टेकून बसवली आणि चहा निवायच्या आत काळी चालू झाली. मी तेव्हा त्याला दुरुस्ती म्हटलं आणि गुण कापले. परीक्षेत दुरुस्तीला गुण नसतात.

काल शिनकानसेनमध्ये तुला काय लिहायचं ते मनाशी घोळवत होतो. तू मला विचारलंस, त्यांना नाही, या आनंदात फुकुशिमापर्यंत पिवळीच चालली होती. मग आमचं जुनं काम आठवलं. लांब पल्ल्याच्या चाचणीला आम्ही रायडर घाटात पाठवायचो, तेव्हा मागून एक व्हॅन जायची. तिच्यात त्याच मॉडेलचे सुटे भाग आणि ती गाडी हाताखालून गेलेला एक माणूस. गाडी कितीही चांगली असू दे, व्हॅन नसेल त्या दिवशी मी रायडर सोडत नसे. एकदा वरून दबाव आला तरी सोडला नाही. भरवसा म्हणजे गाडी कधी बंद पडत नाही असं नव्हे, सगळ्याच पडतात. ती पडली की मागून कोण येतं, हे आम्ही आधी बघायचो. आणि इथे पंधरा दिवस मी गुण देत हिंडलो, पण तुझ्या मागे कोण येणार हे एकदाही पाहिलं नाही, कारण ते पाहिलं असतं तर उत्तर मला आवडलं नसतं.

तर फोनवर सांगण्याऐवजी हे लिहिलं, कारण फोनवर तू ऐकतो आहेस म्हटल्यावर माझ्या तोंडून पिवळीच गेलं असतं. काळी घे. पिवळी सरस आहे; हँडलिंगला, वेगाला, थंडीत सुरू व्हायला, सगळ्यात सरस आहे, आणि हे कुमागाई-सानांना माझं नाव घेऊन, मिसाकीकडून नीट भाषांतर करवून सांग, मला त्यात सूट नको. पण पिवळीचा बेल्ट तुटला तर त्या गावात तो कुणाकडे नाही. काळीचे बेल्ट त्यांच्या शेडच्या भिंतीवर टांगलेले आहेत, शेडमध्ये तीच गाडी उभी आहे, आणि ढग उतरलेला असताना तो उतार चढून येईल असा त्या डोंगरात तो एकच माणूस आहे. मला फोन केलास तर मी पुण्यात पहिल्या घंटीला उचलीन, आवाजावरून गाडीचा आजार ओळखीन, बिनचूक सांगीन, आणि फोन हातात धरून बसून राहीन. ते निघालेले असतील. मला हे अजिबात आवडत नाही, आज नाही आणि उद्याही आवडणार नाही. तू काळीच घे.

अजूनही तुझाच,
बाबा