खिडकीबाहेर धरलेली अंबाडी

सोमवार, दिवेलागण

आज स्वतःचीच लाज वाटून राहिली. सासऱ्यांना कळमनुरीहून आणायला नवी गाडी घेऊन गेलो. उद्या धाकटीचं बारसं. पाळण्याची दोरी आजोबानं वळायची, म्हणून ते घरच्या अंबाडीच्या वाखाची पेंडी घेऊन आले. खोडं पाण्यात कुजवून काढलेला धागा तो, वास तर येणारच. तरी मी म्हणालो, "मामा, हिचा वास गाडीत बसंल." डिकी बाजारानं भरलेली. त्यांनी काच खाली केली. हिंगोलीपर्यंत पेंडी खिडकीबाहेर धरून बसले. सगळा रस्ता हात बाहेर. मला दिसत होतं. काहून गप्प बसलो मी?

हिंगोलीत आलो तर काच वर जाईना. वाखाचे धागे खाचेत अडकले होते. मेकॅनिकनं दाराचं आतलं पॅनल काढलं. पुढून काळं, गुळगुळीत. मागून मात्र दाबून बसवलेले भुरे धागे.

"अंबाडीच हाय ही," तो म्हणाला. "आता प्लास्टिकसंगं हेच दाबून दारं करतेत. हलकी राहतेत."

सासऱ्यांनी त्या धाग्यांवरून अंगठा फिरवला. आता टोचून बोलतील, असं वाटलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

घराकडं निघालो तर पेंडी पुन्हा खिडकीबाहेर. 'मामा, आत घ्या,' एवढंही माझ्या तोंडून निघालं न्हाई.

घरी ते उंबऱ्याबाहेरच थांबले. पेंडी तशीच अंगापासून लांब धरलेली. खरोखरच विचारत होते, "जावाईबापू, घरात चालंल ना ही?"