लॅपटॉपात अडकलेला पदर

अहो, ऐकता ना?

चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका शोधत बसू नका. आज लिहायले बसली, कारण एवढी मोठी गोष्ट झाली आणि सांगायले घरात कोणी नाही. रितू बँकेत, प्रकाश ऑफिसात, सून माहेरी गेलेली. तुमच्या लॅपटॉपातला पदर उघडला हो! आपल्या नातीच्या लग्नाच्या साडीचा, तुम्ही काढलेला पदर!

मधे काय झालं ते तुम्हाले कुठून माहीत असणार? तुम्ही गेल्यावर प्रकाशने लॅपटॉप दुरुस्तीले नेला. त्याच्या पोटात जे चालते त्याले सिस्टीम म्हणतात म्हणे. तर त्याने जुनी काढून नवी टाकून आणली, आईले पोरीबाळींशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून. चांगल्यासाठीच केलं पोराने. पण बुटीबोरीच्या मिलमध्ये तुम्ही ज्याच्यावर काठ काढत होते, तो प्रोग्राम नव्यावर चालेचना. पदराची फाइल समोर दिसते, नाव दिसते, अन् उघडत नाही! कपाटात ऐवज आणि किल्ली हरवलेली, तसं झालं.

अन् इकडे रितूचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे. उंच आहे, हसतमुख आहे, वांग्याची भाजी खात नाही एवढाच दोष. तर ही म्हणते, नेसीन तर आबांचाच पदर. उमरेडचे विणकर रोज फोन करून राहिले, "काकू, नक्षीचा कागद द्या, माग रिकामा ठेवला तुमच्यासाठी." मी कुठून देऊ कागद? मले तर त्या लॅपटॉपचं झाकण कोणत्या बाजूने उघडते तेही दोनदा पाहावं लागते.

शेवटी रितू म्हणाली, "आजी, मी जुनी सिस्टीमच परत टाकते." तुमच्या ट्रंकेत तिले दोन सीड्या सापडल्या, एक सिस्टीमची, एक प्रोग्रामची. जुनं काही फेकत नाही म्हणून किती बोलायची मी तुम्हाले! ते सगळं परत घेते.

मागे एका रविवारी सकाळी बसलो. मी भिवापुरी मिरच्यांची देठं खुडत होती, तशीच उठून आली. बॅटरी तर केव्हाचीच गेलेली, वायर जराशी हलली की लॅपटॉप बंद. "आजी, तुले एकच काम. वायर धर अन् हलू नको."

दीड तास धरली हो! तेवढ्यात शेजारच्या वैद्यबाई आल्या. मी बसल्या जागेवरून ओरडली, "दार लोटलेलं आहे, या! मले उठता येत नाही!" बाई बामची बाटली घेऊनच धावत आल्या.

मग लॅपटॉपने विचारलं, जुनं सगळं पुसू का? मी रितूचा हातच धरला.

"अगं, फाइल पेनड्राइव्हमध्ये काढून ठेवली ना आजी. तीनदा पाहिली."

"मग चौथ्यांदा पाय वं."

तिने पाहिली. मग बटण दाबलं. मी डोळे मिटून घेतले. पुसून गेल्यावर माझ्यासारखी बाई काय करणार होती, सांगा? कोणाशी भांडणार होती?

आता पुढचं रागावू नका. लॅपटॉपने सिस्टीमचा नंबर मागितला. रितू म्हणाली, लॅपटॉपच्या खाली चिट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर आहे. उलटा केला. चिट्टी होती, पण पांढरीफटक! एक अक्षर नाही.

मीच पुसला हो तो नंबर. दसऱ्याले वरून हळदकुंकू लावलं तर तुम्ही ओरडले होते ना, बटणांत जाते म्हणून? तेव्हापासून मी तो पालथा करून खाली लावायची. अन् दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने घासून घासून पुसायची. तुम्हाले पत्ताच नव्हता. हातमाग घरातून गेला, मग तुमचं हत्यार दुसरं कोणतं होतं? पुजायचं नाही? इतक्या भक्तीने पुजलं की दर दसऱ्याले थोडा थोडा नंबर गेला!

मले वाटलं, पोर आता रडते. तर ती हसून हसून लोळली. म्हणाली, "नंबराशिवाय तीस दिवस चालते आजी. तेवढे पुरे."

दुपारी तुमचा प्रोग्राम उघडला. मग फाइल. आधी बारीक बारीक चौकटी आल्या, मग वेल, मग मोर, मग ते तुमचे बुट्टे, एक एक चौकट भरत बसायचे ते. मी डोळ्याले हात लावला, तर मिरचीचा हात! धारा लागल्या. रितूले वाटलं, आजी रडून राहिली. मीही तसंच वाटू दिलं.

पण अहो, पदर अर्धाच आहे!

डावं अंग भरलेलं, उजवं कोरं. काहून खोटं बोलले मले? दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणाले होते, "रितूच्या पदराचं झालं." मी किती निश्चिंत होती! अन् शेवटच्या बुट्ट्यांमध्ये चौकटी इकडच्या तिकडे गेल्या आहेत. मी जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, मले तेवढं कळते. हात थरथरत होता ना तुमचा? मी रोज चहा ठेवून जायची बाजूले. एकदा तरी वाकून पाहिलं असतं!

रितू म्हणाली, "आजी, डावं अंग उलटून उजवीकडे जोडता येते. एका बटणाचं काम. जोडू?"

"मले काय विचारते वं? मले काय समजते त्यातलं?"

"मग कोणाले विचारू?"

मी मान वळवून पाहिलं. तुमची खुर्ची तिथेच, पण तिच्यावर वाळलेले कपडे.

मग तीच म्हणाली, "नाही जोडत. बाकीचा मी काढीन."

तेव्हापासून रोज बँकेतून आली की बसते. मी बाजूले बसते, वायर धरून. दुसरं काही येतच नाही मले. तिचा मोर कोंबड्यासारखा झाला, पानं तर वांग्यासारखी! तुम्ही असते तर डोक्याले हात लावला असता. मी एकदा बोलली तर म्हणते, "आजी, लग्न माझं, कोंबडा माझा." हसावं की रडावं? त्या तीस दिवसांतले नऊ राहिले आणि वीतभर जागा अजून कोरी आहे.

तुम्हाले एक वचन देते. तो वीतभर कोरा राहिला तर तसाच विणून घेऊ, पण एका बटणात भरू देणार नाही. अन् मांडवात बायका पदर हातात घेऊन विचारतीलच, "कोणी काढला वं?" तेव्हा अर्धा रितूचा सांगीन. उरलेल्या अर्ध्यासाठी तुमचं नाव घेईन. जन्मभर घेतलं ते उखाण्यातच घेतलं, तेही लोकांनी अडवलं तेव्हा. त्या दिवशी सरळ घेईन, कोणी न अडवता, साऱ्या मांडवाले ऐकू जाईल असं.

तुमची,
शेवंता